सामान तेच, माणसं तीच, मग डास गेले कुठे? भंडारदऱ्याच्या दोन रात्रींचं प्रकरण

आमच्या ठाणे-नवी मुंबईच्या ट्रेक ग्रुपमध्ये मे महिन्यातल्या भंडारदरा ट्रिपवरून (एका रात्री डासांनी फोडून काढलं, दुसऱ्या रात्री जवळजवळ नव्हतेच) अजून वाद चालू आहे. एक पार्टी म्हणते क्रीम चांगली आणली असती तर काही झालं नसतं, दुसरी म्हणते टेंटच फालतू होते, आणि काका म्हणतात तुम्हा पोरांना कसली सवयच नाही, एसीत झोपता. मी दोन्ही रात्री तिथेच होतो आणि माझं मत या तिघांपेक्षा वेगळं आहे म्हणून सगळं प्रकरण एकदा नीट लिहून काढतोय, म्हणजे पुढच्या वेळी परत पहिल्यापासून भांडायला नको. माझं म्हणणं असं की डासांचा निकाल संध्याकाळी सातला क्रीमची ट्यूब काढल्यावर लागत नाही, तो दुपारी चारला टेंटची जागा ठरवताना लागून गेलेला असतो.

आठ जण होतो. ऐरोलीचं एक जोडपं आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी, कोपरखैरण्याचे एक दादा (यांचं पुढे बरंच येईल), कॉलेजातला एक पोरगा जो बाराही महिने काळा टीशर्ट आणि हाफ पँट घालतो, नौपाड्याचे काका जे रिटायर झाल्यापासून दर वर्षी हिमालयात असतात, एक ताई जी काही वर्षं कॅलिफोर्नियात राहून परत आली, आणि मी. पहाटेची कसारा लोकल, कसाऱ्याहून जीप, घोटीवरून शेंडी, वनखात्याच्या नाक्यावर पावती, आणि तिथून पाठीवर सामान घेऊन धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेकडेने चालत रतनवाडीच्या दिशेने. पहिली रात्र पाण्याजवळ, दुसरी रतनवाडीच्या आसपास, जमलं तर रतनगड. काजवे बघायचे हा मुख्य हेतू, मेअखेर ते पाऊस लागेपर्यंत तिकडे काजव्यांनी झाडंच्या झाडं लखलखतात ते सगळ्यांना माहितीच आहे.

निघायच्या आधी ठाण्यात तलावपाळीला बसून सामानाची यादी केली तेव्हा डासांचा विषय निघाला होता, निघणारच, तलावपाळीला संध्याकाळी बसलं की तो आपोआप निघतो. ताईने बॅगेतून डोक्यावरून घालायची जाळी काढून दाखवली, टोपीवरून गळ्यापर्यंत येते तशी. ती म्हणाली तिकडे सिएरा नेवाडात तीन हजार मीटरच्या वर जी तळी आहेत तिथे जून-जुलैमध्ये बर्फ वितळून जिकडेतिकडे डबकी साचतात आणि इतके डास होतात की लोक ही जाळी घालूनच चालतात. सगळे हसलो, पोरगा म्हणाला ताई मधाचं पोळं काढायला चाललीस का. काकांनी तर विषयच संपवला, "अगं काश्मीरला विशनसरच्या काठाला झोपलोय मी, एक डास दिसला नाही. डोंगरातलं पाणी गार असतं, डास होत नाहीत."

आता काकांचा अनुभव खोटा नाही, फक्त तो विशनसरचा आहे. ते तळं साडेतीन हजार मीटरच्या वर, ऐन उन्हाळ्यातसुद्धा रात्री तिथे दात वाजतात, आणि दहा डिग्रीच्या खाली गेलं की डास जवळजवळ उडतच नाही. भंडारदऱ्याचं पाणी आठशे मीटरच्याही खाली आहे आणि मेमधली तिथली संध्याकाळ म्हणजे टीशर्ट अंगाला चिकटतो अशी. शिवाय ताईच्या गोष्टीवरून हेही कळतं की नुसती उंची असून चालत नाही, उंचीवरसुद्धा साचलेलं पाणी आणि दोन-तीन आठवडे ऊब मिळाली की झालं त्यांचं काम.

जागेबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळं तिथेच आहे. भंडारदऱ्याचं धरण म्हणजे विल्सन डॅम, प्रवरेवर बांधलेलं, 1926 साली पूर्ण झालं. पाणी खाली शेतीला सोडतात त्यामुळे उन्हाळ्यात जलाशय बराच उतरतो आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. लांबून फोटोत तो दिसतही नाही. त्या पट्ट्यावरून गुरं पाण्यावर येतात, चिखलात खुरांचे खड्डे पडतात, प्रत्येक खड्ड्यात वाटीभर पाणी, वरून ऊन. उघड्या पाण्यात, जिथे लाटा असतात आणि मासे फिरतात तिथे डासाच्या अळीचं काही खरं नसतं, तिला हवं असतं हे असं उथळ, स्थिर, गवताच्या कडेचं पाणी. एवढ्या उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आणि आम्ही उतरलो कुठे, तर बरोब्बर अशाच ठिकाणी. पाणी आत शिरून एक कोपरा झालेला, तीन बाजूंनी उतार, जांभळाची आणि करंजाची दाट झाडी, खाली सावली, पाणी पाच पावलांवर. दिसायला एक नंबर. जागा काकांनी आणि ऐरोलीकरांनी पसंत केली, सावली आहे, पाणी आहे, पोरीला खेळायला आहे, समोर काजवे दिसतील. शेताचा मालक भेटला त्याला विचारून घेतलं, तो हो म्हणाला पण जाता जाता एवढंच म्हणाला, "इथं वारं नाही लागायचं हो." आम्हाला वाटलं हा उकाड्याबद्दल बोलतोय.

पाच वाजता सगळ्यांनी शहाण्यासारखी क्रीम लावली. सहा वाजता सगळे पाण्यात. (काठापासून फार आत कोणी जाऊ नका तिथे, उतार एकदम खोल जातो.) म्हणजे क्रीम धुऊन निघाली आणि परत लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही कारण एकदा लावली होती ना. सव्वासातच्या सुमारास अंधार पडायला लागला आणि पहिला मार मिळाला तो घोट्यांना. मग कोपर, मग मानेच्या मागे. फोल्डिंग स्टुलावर बसलेल्यांना तर खालून, कापडातून. ऐरोलीच्या वहिनी फुल लेगिंग्ज घालून निर्धास्त होत्या पण अंगाला घट्ट बसलेल्या पातळ कापडातून डास आरामात सोंड घालतो, त्याच्यापेक्षा काकांचा ढगळ लेंगा शंभर पटीने बरा ठरला. काळा टीशर्टवाला तर डासांना लांबूनच दिसत असणार, गडद रंगावर ते जास्त येतात, त्यात हा पाण्यातून बाहेर येऊन दंड बैठका मारत होता, म्हणजे घाम, गरम अंग आणि जोरजोरात श्वास. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढतच तर मादी येते (चावते ती मादीच, अंड्यांसाठी रक्त लागतं म्हणून).

मग सुरू झाले उपाय. पोराने मोबाइलवर अल्ट्रासाउंडचं अॅप लावलं, त्याने डास पळतात असं काही नाही हे आता बऱ्याच चाचण्यांत दिसलंय आणि त्या रात्री आम्हीही बघितलं, एक डास मोबाइलवरच बसला होता. कापूर जाळला, वास छान आला. दादांनी स्प्रेचा डबा काढला आणि टेंटभोवती मारतो म्हणाले, त्याला मात्र ताईने आणि मी हात धरून थांबवलं, ज्या काजव्यांसाठी एवढं आलो तेही किडेच आहेत, तो स्प्रे डास आणि काजवा असा भेद करत नाही. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करू असं निघालं पण मेमधलं वाळलेलं गवत आणि त्यात अभयारण्याचा भाग, कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे ते, आग पेटवणं म्हणजे वणवा लावायला आमंत्रण आणि वर दंड. तेही राहिलं.

ऐरोलीकरांनी टेंटमध्ये कॉइल लावायला घेतली तेव्हा मी जरा आवाज चढवला. बंद टेंटमध्ये कॉइल अजिबात नको. एक तर नायलॉन, ठिणगी पडली की भोक किंवा सरळ आग. आणि दुसरं म्हणजे धूर, 2003 साली एक अभ्यास आला होता त्यात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण मोजले तर ते 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते, आणि इथे शेजारी दहा वर्षांची पोर झोपणार. कॉइल बाहेर ठेवली. वारा नव्हताच त्यामुळे धूर सरळ वर गेला आणि डास खालून आले.

क्रीमचा मुद्दा काढतात म्हणून तेही सांगतो. आपली नेहमीची ओडोमॉस सगळ्यांकडे होती, पोराकडे ऑनलाइन मागवलेला डीटवाला (डीट म्हणजे डासांना लांब ठेवणारं रसायन) अंगाला मारायचा स्प्रे होता. दोन्ही काम करतात, जिथे लागलंय तिथे आणि जोपर्यंत अंगावर आहे तोपर्यंत. घाम आला, पाण्यात गेलं, टॉवेलने पुसलं की परत लावायचं. कानाच्या पाळ्या, घोटे, मनगटाची आतली बाजू इथे कोणीच लावत नाही आणि डास नेमका तिथेच बसतो. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, हे त्याच्यावरून. लहान मुलांच्या तळहाताला लावू नका, हात तोंडात जातात. आणि डीट प्लास्टिक खातं, पोराने स्प्रे मारलेल्या हातानेच गॉगल काढला घातला तर दुसऱ्या दिवशी फ्रेमवर बोटांचे ठसे कायमचे उमटलेले, चिकट झालेली. सुती कापडाला आणि नायलॉनला काही होत नाही. पण माझा मुद्दा असा की त्या कोपऱ्यात तुम्ही अंगभर परत क्रीम लावून बसलात तरी एवढंच होणार की डास चावणार नाहीत, पण ते कानाशी गुणगुणणार, जेवणात पडणार आणि कुठेतरी एक बोटभर जागा सुटलेली शोधणारच.

टेंटचं पण थोडं खरं आहे. ताईचा टेंट दोन थरांचा, आतला थर सगळा जाळीचा, तिच्यासोबत वहिनी आणि मुलगी झोपल्या. बाकीचे दोन टेंट एकाच थराचे, दार बंद केलं की भट्टी, म्हणून दार उघडं, आणि आत कंदिलासारखा दिवा लावून स्लिपिंग बॅगा पसरणं चाललेलं. त्या दहा मिनिटांत जेवढे आत आले तेवढ्यांनी रात्रभर जेवून घेतलं. दादांनी डास मारायची बॅट आणली होती, तिची निघताना थट्टा केली होती सगळ्यांनी, पण बंद टेंटमध्ये तिचाच काय तो आधार, अंधारात चट् चट् आवाज आणि काकांचं "हाण! हाण!" असं बराच वेळ चाललं होतं. ताईची डोक्याची जाळी रात्री अकराला काकांनीच मागून घेतली.

सकाळी मुलीचा डावा डोळा सुजून बंद झालेला, पापणीवर चावला होता, जाळीच्या टेंटमध्ये असूनही, कारण ती मध्ये एकदा उठून बाहेर गेली होती. गार पाण्याची पट्टी ठेवली, खाजवू नको म्हणून बजावलं, दुपारपर्यंत उतरली सूज. ताईने मग स्टीलचा मग घेतला आणि खुराच्या एका खड्ड्यातलं पाणी हलकेच उचलून मुलीला दाखवलं. मगात दहा-बारा अळ्या. काही पाण्याच्या वरच्या थराला चिकटून आडव्या पडलेल्या, काही शेपटीकडचं टोक वर करून डोकं खाली तिरक्या लटकलेल्या, मग हलवला की सगळ्या वळवळत तळाला. आडव्या पडतात त्या अॅनोफिलीसच्या, मलेरियावाल्या जातीच्या, लटकतात त्या क्युलेक्स वगैरे. मुलीला इतकी मजा वाटली की डोळ्याचं विसरली. त्या एका मगात दहा-बारा आणि असे खड्डे त्या चिखलात मोजण्यापलीकडे, ते बघून मला तर रात्रीचा सगळा हिशेब तिथेच लागला.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीला पोचलो, अमृतेश्वराचं देऊळ बघितलं, चहा घेतला तिथे एक मामा भेटले त्यांना रात्रीचं सांगितलं. ते आमच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "गुरं पाण्यावर येत्यात तिथं झोपला व्हय? वर खळ्यावर चला की, तिथं वारं ऱ्हातं." गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सोंडेवर त्यांचं भात मळायचं खळं, उन्हाळ्यात मोकळंच. झाड नाही, सावली नाही, पाणी खाली उतरून पंधरा मिनिटं. काका नाराज, फोटोला काही नाही म्हणाले. पण चार वाजता तिथे उभे राहिलो तर पश्चिमेकडून वारा असा की टोपी धरायला लागत होती, पावसाच्या आधीचे दिवस, संध्याकाळी वारा वाढतोच.

डास म्हणजे फार हळू उडणारा प्राणी, ताशी दोन-अडीच किलोमीटर, आपण रमतगमत चालतो त्याहून कमी. समोरून जरा वारा आला की त्याला पुढे सरकताच येत नाही, आणि आपल्या श्वासाचा मागही वारा उधळून लावतो. घरात पंखा पाचवर केल्यावर डास कमी चावतात ते याच कारणाने. पण डोंगरात गेलं की आपण वारा टाळायला आडोसा शोधतो, तोच तर आदल्या दिवशी घोळ झाला होता.

त्या रात्री खळ्यावर डास जवळजवळ नव्हतेच. दोन-चार आले असतील आठ वाजायच्या आधी, मग तेही नाहीत.

आता यावर क्रीमवाली पार्टी म्हणते की दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे शहाणे झाला होतात, फुल बाह्या, वेळेवर क्रीम, झिपा बंद, म्हणून चावले नाहीत. मुद्दा रास्त आहे. पण दोन गोष्टी बघा. पोराचा स्प्रे पहिल्याच रात्री संपला होता आणि पठ्ठ्या त्याच हाफ पँटमध्ये उघडा खळ्यावर पडून काजवे बघत होता, त्याला काही झालं नाही. आणि साडेसातला पाणी कमी पडलं म्हणून दादा आणि मी कॅन घेऊन खाली काठाला गेलो, फुल बाह्या, फुल पँट, क्रीम लावलेली, तरी कॅन भरेपर्यंत हाताच्या पाठीवर आणि कपाळावर फोडून काढलं. वर आलो, परत काही नाही. तेच आम्ही, तीच क्रीम, उंचीत फरक फार तर साठ-सत्तर मीटर. याच्याहून चांगला प्रयोग मुद्दाम करायला गेलो असतो तरी जमला नसता.

खळ्याचा त्रास नव्हता असं नाही. खाली कातळ, खुंट्या ठोकल्या जाईनात, दोऱ्या दगडांना बांधल्या. रात्रभर टेंटचं कापड फडफड फडफड, वहिनी म्हणाल्या डास बरे होते निदान आवाज कमी करत होते. काजवेही खालच्या झाडीत, वरून लांबून दिसले. झोप पहिल्या रात्रीपेक्षा बरी पण एकदम गाढ म्हणाल तर नाही.

इथे प्रकरण संपलं असतं. पण परत आल्यावर चौथ्या दिवशी कोपरखैरण्याच्या दादांना ताप भरला, थंडी नाही, पण डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग मोडून आलंय. ग्रुपमध्ये लगेच सुरू, भंडारदऱ्याचा मलेरिया. मलेरियाला चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कमीत कमी आठवडा जातो, बहुतेक वेळा दहा-पंधरा दिवस, त्यामुळे तो हिशेब बसत नव्हता, तरी डॉक्टरांनी रक्त मलेरिया आणि डेंग्यू दोन्हीसाठी तपासलं ते बरंच केलं. मलेरिया नाही, डेंग्यूची एनएस1 ही रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह. डेंग्यूला चार ते दहा दिवस लागतात म्हणजे भंडारदराही बसतो आणि कोपरखैरणंही बसतं. पण डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी, आणि त्याला खुरातला चिखल नको असतो, त्याला लागतं माणसाच्या घराजवळचं भांड्यातलं पाणी. रतनवाडीत चहा प्यायलो तिथे पिंप होती, त्यामुळे तिकडे शक्यच नाही असं मी म्हणणार नाही.

पण मी आणि काका दादांना बघायला गेलो तेव्हा काका सरळ बॅटरी घेऊन गॅलरीत गेले. मनी प्लांटच्या बाटलीत अळ्या. तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत अळ्या. फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये बघितलं तर तिथे पाणी होतं, अळ्या नव्हत्या. एडिसची अंडी तर कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून काही महिने तशीच राहतात आणि पाणी पडलं की फुटतात, त्यामुळे ट्रिपला गेल्यावर ताटली वाळली होती म्हणून काही सुटका नाही. वहिनी (दादांच्या) म्हणाल्या महापालिकेचे लोक महिन्यापूर्वी येऊन सांगून गेले होते, आम्हीच राहू दिलं. ताटली ओतून घासून काढली, नुसती ओतून उपयोग नाही, अंडी कडेलाच राहतात. दादांना डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी एवढंच दिलं, अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत असं बजावलं, त्याने डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पपईच्या पानाचा रस घेऊन तीन वेगवेगळे नातेवाईक आले ते वेगळंच. आता बरे आहेत.

ताप कुठला हे नक्की सांगता येणार नाही आणि दादा स्वतः अजून भंडारदऱ्यालाच दोष देतात, गॅलरी त्यांना मान्य नाही. असो.

पुढची ट्रिप भाटघर धरणाच्या बाजूला करायचं चाललंय आणि तिथे काय करायचं ते बऱ्यापैकी ठरलंय. साडेतीनपर्यंत पोचायचं, सामान खाली टाकून आधी दोघांनी जागा बघून यायची, गवताची टोकं हलतायत का बघायचं, काठाला गुरांचे खड्डे आहेत का बघायचं. पोहणं, फोटो, स्वयंपाक, जेवण सगळं पाण्याजवळ पण साडेसहापर्यंत आटपायचं आणि मग वर सोंडेवर जाऊन टेंट. दोन एकथरी टेंटना आतून जाळी शिवून घ्यायची, जांभळी नाक्याला मच्छरदाणीचं कापड मिळतं, वहिनी शिवून देणार आहेत. बॅट न्यायची, टेंटभोवती मारायचा स्प्रे नाही न्यायचा. ताई म्हणाली जाळीवाल्या टोप्या आठ मागवू, त्याला पहिला होकार काकांनी दिला पण फोटोत कोणी घालायची नाही अशी अट घातली.

राहिलं पाणी. वर झोपायचं म्हणजे जेवणानंतरचं आणि सकाळच्या चहाचं पाणी दिवसाउजेडी वर वाहून न्यायला लागणार, माणशी दोन लिटर धरलं तरी आठ जणांचे सोळा लिटर. ते कोण उचलणार यावर चर्चा चालू आहे आणि कॉलेजवाल्याने आत्तापासूनच गुडघा दुखतोय म्हणून सांगून ठेवलंय.